आधी टायर बघा

साठ लाखांची गाडी चौदा लाखांत मिळते. जाहिरातीतले फोटो चकचकीत. बॉनेटवर तारा, नाहीतर चार कड्या. खाली ओळ: वन ओनर, डॉक्टरांची गाडी, शोरूम कंडिशन. नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशांत जर्मन गाडी दारात उभी राहणार असेल, तर कोणाला मोह होणार नाही?

मोहाला हरकत नाही. हिशेबाला मात्र सुट्टी देऊ नका. दहा वर्षांत उतरली ती गाडीची किंमत. तिच्या सुट्या भागांची उतरली नाही. इंजेक्टर, ब्रेक डिस्क, हेडलाइट, टायर हे सगळं आजही साठ लाखांच्या गाडीच्या भावानंच मिळतं.

चौदा लाख ही फक्त प्रवेश फी.

या गाड्या आपल्याला परक्या नाहीत. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात तयार होते, आधी पिंपरीत आणि २००९ पासून चाकणला. ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या, शेंद्र्यात. २०१० साली औरंगाबादकरांनी एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. त्या पिढीच्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकांकडे फिरताहेत. बातमी पहिल्या मालकाची झाली. बिल तिसऱ्याच्या नावावर निघतं.

दिल्लीहून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचंही तेच. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्लीत मज्जाव केला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. मग मोठमोठ्या डिझेल गाड्या पडेल भावात बाहेरच्या राज्यांत निघाल्या. इथे आणल्यावर एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवी नोंदणी हे सगळं आलंच. एजंट गाडीचा भाव सांगतो. बाकीचं तुम्ही विचारलं तर सांगतो.

आता गाडी बघायला जाणारे काय करतात ते आठवा. दार उघडतात, लावतात, तो जाडजूड आवाज ऐकून खूश होतात. सनरूफ मागे-पुढे करतात. म्युझिक सिस्टिम वाजवतात. सीटवर मागेपुढे होऊन बघतात. टायर बघायला किती जण वाकतात?

वाका.

टायरच्या बाजूवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. आकडे बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला असतात, मोबाइलचा टॉर्च लावा. टायर कितीही कमी पळालेला असो, सहा वर्षांनंतर तो बदला, असं बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज आपल्या मालकांना पुस्तिकेतच सांगतात. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला प्राणवायू त्याला कडक करतात, मग बारीक चिरा पडतात. ‘साहेब, गाडी फक्त तीस हजार पळालीय’ हे ऐकून आनंदी होणाऱ्यानं आधी हे विचारावं: मग टायर किती जुने?

दहा वर्षांच्या गाडीवर मूळचेच टायर असतील आणि त्यांच्या खाचा खोल असतील, तर ती खूश व्हायची गोष्ट नाही. तो लाखभराचा खर्च आहे, तुमच्यासाठी राखून ठेवलेला.

मग चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आहेत का बघा. पुढे एक कंपनी, मागे दुसरी, डावीकडे तिसरीच. याचा अर्थ सरळ आहे. आधीच्या मालकाला एकेक टायर फुटेल तसा बदलावा लागला आणि मिळेल तो त्यानं बसवला. जो माणूस रस्त्याला टेकणाऱ्या वस्तूवर हात आखडतो, त्यानं न दिसणाऱ्या गिअरबॉक्सच्या ऑइलवर सढळ हातानं खर्च केला असेल?

चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल, क्वाट्रो, एक्सड्राइव्ह किंवा फोरमॅटिक, तर हा प्रश्न आणखी गंभीर. निम्मा झिजलेला टायर नव्यापेक्षा घेरानं लहान असतो. घेर वेगळा म्हणजे फिरण्याचा वेग वेगळा. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी यंत्रणा हा फरक सरळ रस्त्यावरही सतत सावरत राहते, तापते, झिजते. बीएमडब्ल्यूच्या ट्रान्स्फर केसची अशी वाट लागल्याची उदाहरणं कुठलाही जाणता मेकॅनिक सांगेल. एका टायरचे पैसे वाचले. ट्रान्स्फर केसचे गेले.

अजून एक जागा बघायची राहिली. टायरची आतली कडा.

या गाड्यांची मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात, वळणावर पकड राहावी म्हणून. त्यामुळे आतली कडा आधी झिजते. बाहेरून टायर भरलेला दिसतो आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात. उभ्या गाडीखाली हात घालून कळलं तर कळलं, नाहीतर गाडी रॅम्पवर घ्या. विकणारा ‘कशाला साहेब एवढं’ म्हणाला, तर दोन्ही गोष्टी करा.

आतली कडा वाजवीपेक्षा जास्त खाल्लेली असेल तर दोष बहुतेक टायरचा नसतो. खालच्या आर्मचे बुश गेलेले असतात. आपल्या खड्ड्यांत ॲल्युमिनियमच्या त्या नाजूक जोडण्या किती टिकणार? आणि बुश गेलेले असताना अलाइनमेंट करून काय मिळतं? आकडे हिरवे झालेला एक कागद. पहिल्याच गतिरोधकावर चाकं पुन्हा होती तिथे.

आता टायर निवडण्याविषयी. इथे तर गैरसमजांचं पीक आहे.

पहिला गैरसमज: रिम जेवढी मोठी तेवढी गाडी भारी. २२५/४५ या मापात टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मिलिमीटर. २०५/६० मध्ये ती १२३. हे वीस-बावीस मिलिमीटर रबरच खड्ड्यात रिमला वाचवतं. एकाच मॉडेलला कंपनीनं दोन-तीन मापं मान्य केलेली असतात, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत ती सापडतात. त्यातली ब्रेकवर नीट बसणारी सगळ्यात लहान रिम घ्या. आपल्या रस्त्यांवर हाच शहाणपणाचा निर्णय आहे आणि टायरही स्वस्त पडतो. पण लोक उलट्या दिशेला जातात. मोठ्या रिमा घालतात, महिन्याभरात टायरला फुगा येतो आणि मग महापालिकेला शिव्या देतात.

महापालिकेला शिव्या द्याच. पण त्यांनी रिम सरळ होत नाही.

फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्याला दुरुस्ती नाही. पॅच मारून देतो म्हणणाऱ्या दुकानातून गाडी बाहेर काढा. आणि विमा? खड्ड्यात फक्त टायर गेला तर साध्या पॉलिसीतून काहीही हाती लागत नाही. त्याच वेळी गाडीलाही मार बसला असेल तरच टायर धरतात, तोही निम्म्या किमतीनं.

दुसरा गैरसमज रन-फ्लॅटचा. बीएमडब्ल्यूच्या पुष्कळ गाड्यांत स्टेपनीच नसते, कारण टायर पंक्चर झाल्यावरही ताशी ८० च्या आत सुमारे ८० किलोमीटर जाऊ शकतो. जाड भिंतीमुळे हे टायर कडक, खड्डा थेट पाठीत. किंमतही जास्त, एकेक टायर वीस-पंचवीस हजारांना सहज पडतो. म्हणून दुसरा मालक साधे टायर बसवतो. गाडी मऊ चालते, तो खूश होतो. स्टेपनी? ती डिकीत नव्हतीच. बसवलीही नाही.

रात्री अकरा वाजता समृद्धी महामार्गावर, दोन इंटरचेंजच्या मध्ये, मागे झोपलेली मुलं आणि एक फाटलेला टायर. आता काय करणार?

साधे टायर घालायला माझा विरोध नाही. उलट आपल्या रस्त्यांवर ते पाठीला बरे. पण मग योग्य घेराची स्टेपनी आणि जॅक डिकीत हवा, सामानाची जागा गेली तरी चालेल. हवेचा पंप आणि द्रव भरलेली बाटली हे दुरुस्तीचं किट केंद्रानं २०२० मध्ये स्टेपनीला पर्याय म्हणून मान्य केलं, तेही टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा गाडीत असेल तरच. पण ते द्रव खिळ्याचं भोक बुजवतं. भिंत चिरली की त्याचा काही उपयोग नाही. आणि दोन रन-फ्लॅट, दोन साधे अशी सरमिसळ तर मुळीच नको. अर्धी गाडी एका तऱ्हेनं वळेल, अर्धी दुसऱ्या.

तिसरा गैरसमज टायरवरच्या शेवटच्या आकड्या-अक्षरांचा. ९१व्ही, ९५वाय असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलेल: ९१ ला ६१५ किलो, ९५ ला ६९०. अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा: एचला २१०, व्हीला २४०, वायला ३००. टायरवाला म्हणतो, ‘साहेब, २४० नं कोण चालवणार? हा घ्या, चार हजार कमी.’ वेगाचं अक्षर मुख्यतः उष्णता सोसण्याची क्षमता सांगतं. पावणेदोन टनांची गाडी, पाच माणसं, डिकीत सामान, मे महिना आणि विदर्भातला सिमेंटचा रस्ता. चार हजार कुठे वाचवायचे याला काही जागा असते.

कंपनीनं सांगितलेल्या वजनाच्या आकड्याखाली कधीही उतरू नका. इथे घासाघीस नाही.

मग हवा. नायट्रोजन भरा म्हणून आग्रह होतो. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. भरायचा तर भरा, पण महिन्यातून एकदा, सकाळी, टायर थंड असताना दाब मोजणं त्यानं टळत नाही. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो, आतून तापतो आणि फुटतो. समृद्धी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, पुढे ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. सपाटीवर कारला ताशी १२० ची मुभा. सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन खात्याला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. आपल्याच कुटुंबासाठी टायर बघायलाही अधिकारी लागावा?

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे घाला. पुढच्या चाकांनाच ताकद जाते, म्हणून नवे पुढे, हा दुकानातला सल्ला चुकीचा आहे. पावसात पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते, ड्रायव्हरला कळतं, तो पाय उचलतो. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. ताम्हिणी घाटात जुलै महिन्यात ते सावरायला किती जणांना येतं? एक मात्र ध्यानात ठेवा. पुष्कळ बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजमध्ये मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद असतात, २२५ पुढे, २५५ मागे. तिथे अदलाबदल करताच येत नाही. झिजतील तसे घ्या, हाच मार्ग.

कायदा १.६ मिलिमीटर खोल खाच पुरे मानतो. पाऊस मानत नाही. तीनच्या खाली गेलात की ओल्या रस्त्यावर थांबायचं अंतर वाढत जातं, म्हणून पावसाळ्याआधी बदला. जून २०२० मध्ये केंद्रानं टायरच्या आयातीला परवान्याची अट घातल्यापासून मोठ्या गाड्यांची काही मापं शोधून मिळवावी लागली, आणि हीच सबब सांगून वापरलेले ‘इम्पोर्टेड’ टायर खपवले गेले. काळं पॉलिश, वर पुन्हा कोरलेल्या खाचा. कोरल्यानं रबर वाढतं का? उरलेलंच कमी होतं.

टायर झाले. आता बाकीचं शरीर.

मर्सिडीजमध्ये हवेचं सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी करून सकाळी बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला की रबराच्या फुग्याला चीर आहे. तसंच चालवत राहिलात तर हवा भरता भरता कॉम्प्रेसरही जळतो. म्हणून तपासणी सकाळी करा. दुपारी बोलावणाऱ्या विक्रेत्यानं गाडी आधीच फिरवून उचललेली असते.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. २००७ ते २०११ च्या सुमारास आलेल्या बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनांत टायमिंग चेन मागच्या बाजूला आहे, गिअरबॉक्सकडे. ती खुळखुळायला लागली की तिथवर पोचण्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चेनची किंमत ऐकून हायसं वाटतं. मजुरी ऐकून बसावं लागतं.

त्याच काळातली ऑडीची १.८ आणि २.० पेट्रोल इंजिनं ऑइल पितात, पिस्टनच्या रिंगांचा तो मूळ दोष. डिकीत ऑइलचा डबा दिसला तर समजून जा. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सला मुंबई-पुण्याची ट्रॅफिक मानवत नाही, पहिल्या-दुसऱ्यात अडखळला तर पुढे जाऊ नका. आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सबद्दल ‘यातलं ऑइल आयुष्यभर चालतं’ असं सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. मग आयुष्य कोणाचं मोजायचं?

डिझेल घेणाऱ्यांना एकच प्रश्न. रोज किती पळणार? एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला काही वेळ सलग, वेगानं धावावं लागतं. कोथरूड ते बाणेर, तेही सिग्नलला सिग्नल लागून, एवढ्यानं ती तुंबते. मायलेजसाठी घेतलेली डिझेल गाडी गाळणीसाठी लोणावळ्याला न्यावी लागते.

आणि पाणी. सनरूफच्या चार कोपऱ्यांत पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या गाडीत पालापाचोळा जातो, नळी तुंबते, पाणी कार्पेटखाली उतरतं. या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक बॉक्स कुठे असतात? बऱ्याचदा नेमके त्या कार्पेटखाली, नाहीतर डिकीच्या तळाशी. मग काच आपोआप खाली येते, बॅटरी रात्रीत उतरते, डॅशबोर्डवर दिव्यांची माळ लागते आणि मालक सेन्सर बदलत बसतो. गाडी बघताना कार्पेट दाबून बघा. ओलं लागलं किंवा आत अत्तराचा भडिमार असला तर उठा. पुरात बुडालेल्या गाडीचाही वास असाच झाकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथे हटकून सापडते, कारण धुणारे तिथवर पोचत नाहीत.

स्कॅनर लावून देत नसेल तो विक्रेता सोडा. लावून दिला आणि एकही दोष निघाला नाही, तरी गाडीनं स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या आहेत का हे मेकॅनिकला बघायला लावा. त्या अपूर्ण असतील तर दोष सकाळीच पुसलेत. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर मागे नेता येतो. इतर कंट्रोल युनिटांमध्ये खरा आकडा पुष्कळदा राहून जातो, तोही बघायला सांगा.

मग या गाड्या घ्यायच्याच नाहीत का? घ्या की. चांगल्या जपलेल्या दहा वर्षांच्या ई-क्लासमध्ये मुंबई-नाशिक केल्यावर शरीराला जो आराम मिळतो, तो त्याच पैशांच्या नव्या गाडीत मिळत नाही, हे मी मनापासून सांगतो. या गाड्या मजबूत आहेत, ब्रेक आणि बॉडी तर फारच. फक्त त्या अर्धवट पोसता येत नाहीत. माझ्या मते किमतीच्या वर पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्याच वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल तर घ्यावी. चौदा लाख जमवतानाच दम लागला असेल तर आठ लाखांची नवी गाडी घ्या आणि निवांत झोपा.

आणि गाडी आधीच दारात असेल तर आज संध्याकाळी खाली उतरा. चारही टायरवरची तारीख वाचा, आतल्या कडेवरून हात फिरवा, स्टेपनीत हवा आहे का बघा. सहा वर्षांच्या पुढचा एकही टायर निघाला तर तो बदलेपर्यंत एक्स्प्रेस-वेवर जाऊ नका.